कमी ड्रायव्हरचे, जास्त कंपनीचे

"सही कर की बाई."

*

निवृत्त बसड्रायव्हर विल्फ हॉगर्थ लोकरीची टोपी घालून नाश्ता करत होता. स्वतःच्या स्वयंपाकघरात, खिडक्या बंद असताना.

*

समुद्राच्या तळाशी किनाऱ्याजवळ वाळू असते, मग चिखल सुरू होतो. त्यापुढचे विल्फच्या मुलीला, लिॲनला, माहीत नाही. त्यापुढचे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शिकवणार होते.

*

तिकिटाच्या पैशांच्या पेटीत हिशोबापेक्षा कमी भरले तर ते ड्रायव्हरचे, म्हणजे त्याने खिशातून घालायचे. जास्त भरले तर ते कंपनीचे. आमच्या डेपोत हे कुठेही लिहिलेले नाही. नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याला कळते.

*

सप्टेंबर १९९९. उत्तर इंग्लंडमधल्या वर्किंग्टनच्या स्टेशनकडे जाणारी सकाळची बस. एक मुलगी मोठी ट्रंक ओढत चढली. ड्रायव्हर तिचा बाप होता.

"ट्रंक मागं ठेव. तिकिटाचे पैसे मी टाकलेत पेटीत."

"मी भरते."

"पोरी, मागं लोक उभेत."

अठरा पूर्ण झाल्यावर तिचा ड्रायव्हरच्या घरच्यांना मिळणारा फुकट पास संपला होता. तिने नाणी पेटीच्या थाळीत टाकली, तिकीट फाडून घेतले आणि ट्रंकेवर जाऊन बसली. बापाने आरशात पाहिले नाही. निदान तिला तो पाहताना दिसला नाही.

*

"सही कर की बाई," ब्रेंडा मॉसप पुन्हा म्हणाली. "माझ्यामागं चाळीस जणांचे कागद आहेत."

ब्रेंडा गॅरेजच्या वरच्या खोलीत बसते आणि आम्हा सगळ्यांचे पगार काढते. खाली बसगाड्या सुरू झाल्या की तिच्या टेबलावरचा चहा थरथरतो. वसंतात आम्ही संप केला होता. पगारवाढ शरदात मान्य झाली, आणि आता नोव्हेंबरात मागच्या महिन्यांचा फरक मिळणार होता, एकरकमी. ज्याने त्याने वर येऊन आपल्या कागदावर सही करायची, की या पगारात फरक जमा. शुक्रवारी दुपारी ब्रेंडा पगार बंद करणार होती. तोवर जो सही करणार नाही, त्याचा फरक चार आठवड्यांनी पुढच्या पगारात.

"आधी एक सांग," लिॲन म्हणाली. "या फरकातून माझ्या कर्जाचे किती कापशील?"

"कुठलं कर्ज?"

"शिक्षणाचं."

ब्रेंडाने चष्मा वर केला. लिॲन हॉगर्थ एकोणीस वर्षे आमच्याकडे बस चालवते. तिच्या पगारातून शिक्षणकर्ज कापले जाते हे ब्रेंडा दर वेळी पडद्यावर पाहत असणार, पण पाहणे आणि लक्षात येणे वेगळे. ब्रेंडाने आकडे टाकले.

"एकशे शहाण्णव."

"माझे एकसष्टच उरलेत."

"म्हणजे?"

"सगळं मिळून. माझं सगळं कर्ज आता एकसष्ट पौंड आहे."

"मग चांगलंच आहे की. एका फटक्यात संपलं."

"आणि वरचे एकशे पस्तीस?"

ब्रेंडाने खांदे उडवले. ती वाईट बाई नाही. तिने खुर्ची फिरवून पडदा लिॲनला दाखवला. "हे बघ. या यंत्राला तू किती देणं आहेस ते माहीत नाही. मलाही नाही. आम्हाला फक्त तुझा पगार माहीत. पगार मोठा, कपात मोठी. थांबव म्हणून कर्जाच्या कचेरीचा निरोप आला की मी त्याच दिवशी थांबवते."

"मी त्यांना फोन केलाय. उरलेले मी माझ्या हातानं बँकेतून भरते म्हटलं. ते हो म्हणाले. तुला निरोप पाठवतायत."

"पण तो या शुक्रवारच्या आत येणार नाही."

"नाही. पुढच्या पगारालाच लागू होईल म्हणाले."

"मग जास्त गेलेले परत माग. देतात ते."

"देत असतील."

"मग?"

लिॲनने पेन ब्रेंडाच्या मगमध्ये परत उभे केले. "मला मागायचे नाहीत. सही नाही केली तर या वेळी माझे किती जातील?"

"नेहमीसारखे. पंचवीस."

"छत्तीस उरतात. ते मी भरीन. आणि फरक पुढच्या पगारात घेईन, तोवर निरोप आलेला असेल."

"लिॲन, बॉयलर बंद पडून तुझं घर गारठलंय ना? विल्फ कालच खाली डेपोत येऊन सांगत होता, कोट घालून झोपतो म्हणून. या पैशातून बॉयलर घेणार होतीस तू."

"बॉयलरला मी समजावते," लिॲन म्हणाली आणि जिना उतरली.

*

त्या कर्जाने तिने काय घेतले होते: दीड वर्ष. वेल्समध्ये, समुद्रालगतच्या एका विद्यापीठात, समुद्राचाच अभ्यास. एक पिवळा रेनकोट. बोटीवर उलट्या न करण्याची सवय.

*

दुसऱ्या वर्षाच्या वसंतात विल्फने वसतिगृहात फोन केला. आई पडली होती, अर्धे अंग गेले होते. "थोड्या दिवसांसाठी ये," तो म्हणाला. आई त्यानंतर अकरा वर्षे जगली. त्या फोनबद्दल बापलेक कधी बोलले नाहीत. लिॲन आधी बेकरीत लागली, मग बसवर. काही वर्षे पगार इतका थोडा होता की कपातच होत नसे, आणि कर्ज आपले आपण वाढत असे. न मिळालेल्या पदवीचे पैसे ती भरत राहिली, म्हणजे तिच्याकडून ते घेतले जात राहिले. पगार हातात यायच्या आधीच ते गेलेले असत. एकदाही कोणी तिला विचारले नाही.

*

कँटीन. डगी नेल्सन, आमचा युनियनचा माणूस, सॉसेज रोल खात.

"ऐकलं ते खरं?"

"काय ऐकलंस?"

"फरक नको म्हणालीस."

"आत्ता नको म्हणाले."

"अकरा दिवस आपण फाटकाबाहेर भिजलो, लिॲन. जॉइसला न्यूमोनिया झाला. आणि वरचे साहेब म्हणतील, बघा, एका बाईला तर पैसे नकोच होते."

"म्हणू देत. मीही भिजले. माझी छत्री अजून तुझ्याकडे आहे."

"विषय बदलू नकोस."

"निळी. दांड्याला टेप लावलेली."

टेबलावरचे सगळे हसले, डगी सोडून. त्याने रोल खाली ठेवला. "शंभर-सव्वाशे पौंडांसाठी म्हाताऱ्याला गारठवतेस? परत मिळणाऱ्या पैशांसाठी?"

"डगी, तुझ्या पेटीत कधी जास्त निघालेत?"

"निघतात कधीतरी."

"परत मागितलेस?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

डगीने रोल पुन्हा उचलला. मग तो म्हणाला, "ते सुटे असतात." यावर मात्र तोही हसला, आणि विषय तिथे संपला असे आम्हा सगळ्यांना वाटले.

*

रविवारच्या जादा ड्यूटीचा कागद भिंतीवर लागला. दुप्पट पैसे. लिॲनने नाव घातले नाही. जादा पैसे म्हणजे जादा कपात, आणि तिचा छत्तीसचा हिशोब मोडला असता. एकोणीस वर्षांत रविवार न मागितलेला तिचा हा पहिला महिना असावा.

*

घरी विल्फने हातमोज्यांनी काटा धरून टोस्टवरचे बीन्स खाल्ले.

"ब्रेंडाचा फोन आला होता," तो म्हणाला.

"तिला काही काम नाही वाटतं."

"एकसष्ट माझ्याकडं आहेत. कपाटात. उद्या भर आणि सुट."

"आज भरले तरी कपात थांबत नाही, बाबा. उलट मग सगळेच जास्त जातील."

"मग मागून घे परत. तोंड आहे ना?"

लिॲनने केटल लावली. खिडकीच्या काचेला आतून वाफ धरली होती. तिने ती बाहीने पुसली. पलीकडे शेजाऱ्यांच्या धुराड्यातून पांढरा धूर निघत होता.

"तुम्ही पेटीतले जास्तीचे कधी परत मागितलेत?"

"मागायचे कुणाकडं?"

"तेच."

विल्फने ताटली पुसून घेतली. तिच्यावर आता टोस्टचा कणही नव्हता. "तू हट्टी आहेस," तो म्हणाला. "तुझी आई अशी नव्हती."

"मग कुणावर गेले?"

त्याने टोपी कानांवर ओढली आणि बातम्या लावल्या.

*

आमच्यात एक पद्धत आहे. पहाटे एखादा उशिरा आला तर दुसरा त्याच्या नावापुढे हजेरीची सही ठोकतो. नव्या कोटांचे वाटप असो, बूट असोत, ज्याला वेळ नाही त्याची सही ज्याला वेळ आहे तो करतो. डेपोत प्रत्येकाला चार-पाच जणांच्या सह्या येतात. याला कोणी खोटेपणा म्हणत नाही. उलट, तुझ्यासाठी कोणी सही करत नसेल तर तुझे काहीतरी बिनसले आहे असे समजतात.

*

शुक्रवार. लिॲन मेरीपोर्टहून परत आली. बसस्थानकाच्या तिसऱ्या फलाटावर डगी तिची गाडी घ्यायला उभा होता. उतरणारा प्रत्येक जण तिला "थँक्स, पोरी" म्हणत उतरला, एक म्हातारी "सांभाळून जा गं" म्हणाली. लिॲनने आपली पेटी काढली, सीट मागे सरकवली. डगी पायऱ्या चढला. त्याच्या हातात निळी छत्री होती.

"घे तुझी छत्री. आणि बॉयलरवाल्याला फोन कर."

"कशाला?"

"तुझं काम मी करून टाकलंय." तो खूश दिसत होता. "सही ठोकली. अगदी तुझ्यासारखी, तो शेवटचा शेपटीवाला 'एच' वगैरे. सकाळी ब्रेंडाच्या ट्रेमध्ये टाकला कागद. आता तुझा हट्टही राहिला आणि विल्फचे पायही गरम होतील. मला काही देऊ नकोस, एक पाइंट बिअर पुरे."

मागे एक बाई बाबागाडी घेऊन थांबली होती.

"अगं, तू काही केलं नाहीस," डगी म्हणाला, जरा खालच्या आवाजात. "मी केलं. तुला मान खाली घालायचं कारणच नाही."

"बाबागाडीला रॅम्प काढ," लिॲन म्हणाली, आणि पेटी काखेत मारून चालू लागली. डेपो रस्त्याच्या पलीकडे आहे. तिला पळताना आम्ही पूर्वी पाहिले नव्हते.

*

ब्रेंडा ट्रेमधले कागद यंत्रात भरत होती. पहिले काही झाले होते.

"माझा कागद झाला?"

"'एच' अजून यायचाय." ब्रेंडाने वर पाहिले. "सही केलीस हे बरं झालं बघ. शहाणी आहेस."

लिॲनला धाप लागली होती. पेटी तिने टेबलावर ठेवली. पेटीतली नाणी सरकली.

"तो मला परत दे."

"का?"

ही माझी सही नाही एवढेच म्हणायचे होते. पैशाच्या कागदावर दुसऱ्याची खोटी सही. हजेरीचे वेगळे, कोटाचे वेगळे. डगीची नोकरी गेली असती, संपानंतर वरच्यांना तर निमित्तच हवे होते. डगीला तीन मुली आहेत.

"लिॲन? सही तुझीच आहे ना?"

"माझीच आहे."

"मग?"

"मन बदललं."

ब्रेंडाने गठ्ठ्यातून कागद काढला. जवळ धरला, लांब धरला. ती अठ्ठावीस वर्षे आमच्या सह्या बघते आहे. लिॲनच्या 'एच'ला कधी शेपटी नसते. शेपटी डगीच्या 'एन'ला असते.

खाली एक बस सुरू झाली. चहा थरथरला.

"मी एकदा यंत्रात टाकलं की मला परत काढता येत नाही," ब्रेंडा म्हणाली. "त्यामुळे मी आता केटल भरून आणते. नळ जिन्याच्या टोकाला आहे. मला गुडघ्यांमुळे वेळ लागतो." ती उठली, कागद गठ्ठ्यावर ठेवला, दारात थांबली. "आणि त्या गाढवाला सांग, पुढच्या वेळी मला आंधळी समजू नकोस म्हणावं."

केटल आधीच भरलेली होती. ती हातात घेऊन ब्रेंडा गेली.

लिॲनने कागदाचे चार तुकडे केले आणि कोटाच्या खिशात टाकले. मग ती खाली उतरली आणि पैसे मोजायच्या खोलीत गेली. पेटी यंत्रात रिकामी केली. वीस पेन्स कमी भरले. तिने खिशातून वीस पेन्स काढून टाकले.

*

पुढच्या शुक्रवारी आमच्या खात्यांत फरक आला. डगीने नवा टीव्ही घेतला. जॉइस स्पेनला जाऊन आली. ब्रेंडाच्या भाच्याने, जो आमच्याकडेच रात्री बसगाड्या धुतो, मोटरसायकलची चाके बदलली. कँटीनमध्ये आठवडाभर कोणी सॉसेज रोल खाल्ला नाही, सगळे बाहेरून मासे आणि चिप्स मागवत होते. लिॲनने घरून आणलेली मांस-बटाट्याची पेस्टी खाल्ली, थंड. दोन दिवस ती डगीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या हजेरीपुढे तिने सही केली, कारण त्याच्या गाडीची काच गोठली होती आणि त्याला उशीर झाला होता.

*

महिन्याच्या शेवटी एका मंगळवारी, शेवटच्या थांब्यावर, गाडी रिकामी झाल्यावर लिॲन खाली उतरली. पुढच्या फेरीला थोडा वेळ होता. बंदराच्या भिंतीशी वारा फार होता म्हणून ती निवाऱ्याच्या काचेला पाठ लावून उभी राहिली आणि कर्जाच्या कचेरीला फोन लावला. पलीकडे एक तरुण आवाज होता. त्याने तिची जन्मतारीख विचारली, आईचे माहेरचे नाव विचारले.

"बाकी आहेत छत्तीस पौंड अकरा पेन्स. कितीचा हप्ता करू?"

"हप्ता नाही. सगळे."

"मॅडम, कपात चालू असताना..."

"कपात थांबलीय. निरोप पोचला. काल मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

कळांचा आवाज. तिने कार्डाचे आकडे सांगितले, वाऱ्यामुळे दोनदा.

"झालं. तुमचं खातं शून्य." आवाज जरा सैल झाला. "अभिनंदन. काय शिकला होतात?"

"समुद्र."

"अरे वा. मग आता त्यातच काम करता?"

लिॲनने समोर पाहिले. ओहोटी होती. भिंतीच्या खाली वाळू संपून चिखल सुरू झाला होता.

"त्याच्या बाजूनं जाते," ती म्हणाली. "दिवसातून सहा वेळा. पदवी नाही घेतली मी. पैसे मात्र पूर्ण भरले. एवढं लिहून ठेवायला तुमच्याकडं जागा आहे का?"

"तशी जागा नाही, मॅडम."

"मला वाटलंच. असू दे."

ती गाडीत चढली. दोन मिनिटे उशीर झाला होता, आणि पुढच्या थांब्यावरच्या माणसाने घड्याळ दाखवले तेव्हा ती त्याला म्हणाली, "चढा की, राजे. सगळं चुकतं करायला वेळ लागतो." त्याला काही कळले नाही. त्याने कार्ड टेकवले.

*

घरात अजून थंडीच होती. नवा बॉयलर पुढच्या पगारावर. विल्फ टोपी घालून शब्दकोडे सोडवत होता.

"संपलं," लिॲन म्हणाली.

"किती जास्त गेले?"

"नाही गेले."

"एक पेनी तरी गेली असेल."

"नाही, बाबा."

विल्फने पेन्सिल खाली ठेवली. मग टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. त्याचे विरळ केस स्थिर विजेने उभे राहिले होते. लिॲनने चहा केला. दोघांनी तो कोट घालून प्यायला.

*

सप्टेंबर १९९९ मधल्या त्या दिवशी, संध्याकाळी डेपोत हिशोब लागला तेव्हा विल्फ हॉगर्थच्या पेटीत स्टेशनपर्यंतच्या एका तिकिटाचे पैसे जास्त निघाले.